मशीनवर बसून आखडलेलं अंग सैल कसं करायचं

सुईत धागा ओवताना एकदा स्वतःकडे लक्ष द्या. धाग्याचं टोक ओलं करून चिमटीत धरलं आणि नेढ्याजवळ नेलं की श्वास आपोआप थांबतो. खांदे कानांकडे चढतात, दात दातांवर दाबले जातात, मान पुढे जाते. धागा आरपार गेला की श्वास सुटतो, पण खांदे खाली येत नाहीत. पुढच्या शिवणीला, त्याच्या पुढच्या ब्लाऊजला, रात्री दिवा मालवेपर्यंत ते तसेच वर राहतात.

मी २२ वर्षं ब्लाऊज आणि ड्रेस शिवते, गेली काही वर्षं मुलींना शिवणही शिकवते. वर्गात नवी मुलगी आली की पहिल्या महिन्यात तिची शिवण सरळ येते आणि दुसऱ्या महिन्यात ती मान चोळायला लागते. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता कटिंगच्या आधी मी बसायला आणि अंग मोकळं करायला शिकवते. तेच इथे सविस्तर लिहिते आहे. शिवणकाम न करणाऱ्यांनाही हे चालेल. लॅपटॉपवर वाकणाऱ्याची, वह्या तपासणाऱ्या शिक्षिकेची आणि पोळपाटाशी उभ्या असलेल्या बाईची मान पुढेच असते.

दुखतं मागे, आखडतं पुढे

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर पहाटे उठले तर मान उजवीकडे वळेना. शिवायच्या कपड्यांचा ढीग पडला होता, थांबायला वेळ नव्हता. मी दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि जोरात वळवलं. कट् असा आवाज आला, क्षणभर बरं वाटलं आणि दुपारपर्यंत खांद्यापासून कोपरापर्यंत ठणका सुरू झाला. चार दिवस मशीनला हात लावता आला नाही. दोन गिऱ्हाइकांचे कपडे न शिवता परत द्यावे लागले, त्याचं वाईट मला अजून वाटतं.

मग ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले, त्यांनी मानेला हातही लावला नाही. गळ्याच्या हाडाखाली, खांद्याच्या आतल्या खळग्यात त्यांनी बोट दाबलं आणि मी कळवळले. "दुखतंय मागे, पण आखडलंय पुढे," त्या म्हणाल्या. इतकी वर्षं मी पाठच चोळत होते.

हे गणित एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. माणसाच्या डोक्याचं वजन साधारण साडेचार ते पाच किलो असतं. ते खांद्यांच्या बरोबर वर असतं तेव्हा मणके ते पेलतात. पुढे झुकलं की मानेच्या मागचे आणि पाठीच्या वरचे स्नायू त्याला दोरीसारखं धरून ठेवतात. ते दिवसभर ताणलेल्या अवस्थेत राबतात, म्हणून दुखतात. छातीचे स्नायू मात्र हात पुढे आणि खांदे आत अशा स्थितीत आखूड राहतात. ते दुखत नाहीत, नुसते खांद्यांना पुढे ओढत राहतात. कमरेचंही असंच आहे. कंबर भरून येते मागून, पण तासन् तास बसून आखूड होतो तो मांडीच्या मुळाशी असलेला पुढचा स्नायू.

म्हणून पहिलं सांगणं हे, की जिथे दुखतं तिथेच ओढत बसू नका. पुढची बाजू आधी सैल करा.

झटका का द्यायचा नाही

स्नायूच्या आत बारीक ताणमापक तंतू असतात. स्नायू एकदम ओढला गेला की ते मणक्यातल्या मज्जारज्जूला खबर देतात आणि तिथूनच, मेंदूला न विचारता, "आवळ" असा हुकूम सुटतो. डॉक्टर गुडघ्याखाली रबरी हातोडी मारतात आणि पाय उडतो तो यामुळेच. म्हणजे तुम्ही मानेला हिसका देता तेव्हा मान सैल होण्याऐवजी स्वतःला वाचवायला आणखी आवळते. हळूहळू ताण दिला आणि तिथे थांबलं की हा गजर फारसा वाजत नाही. मज्जासंस्था थोड्या वेळात ताण सहन करायला लागते आणि स्नायू सुटतो.

आपल्याला हे मशीननं शिकवलेलंच आहे. धाग्याचं टेन्शन जास्त झालं तर कापडाला चुण्या पडतात आणि मग धागा तुटतो. तेव्हा आपण चाक धरून जोरात फिरवत नाही. पाव आटा सैल करतो, चिंधीवर चालवून बघतो, परत पाव आटा. अंगालाही तेवढाच धीर लागतो.

सलूनमध्ये किंवा कुणाकडून मान कडाकडा मोडून घेण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात. झटक्यानं त्यांना आणि नसांना इजा होऊ शकते. क्षणभर हलकं वाटण्यासाठी एवढी जोखीम घेऊ नका.

आधी हे तपासा

पुढचं काहीही करण्याआधी ही काही लक्षणं बघा. हातात किंवा पायात चमक उतरते आणि सोबत जोर कमी झालाय, वस्तू हातातून निसटते, पाऊल घसटतं, अशा वेळी ताण देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं, तापासोबत ताठ झालेली मान, रात्री झोपेतून उठवणारं आणि कुशी बदलूनही न थांबणारं दुखणं, यांनाही तेच. लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. एकाच पोटरीला सूज, लाली आणि ऊब असेल तर ती चोळू नका, ताणू नका. रक्ताची गाठ असू शकते. छातीत दाब येऊन डावा हात किंवा जबडा दुखत असेल तर तो खांदा आखडल्याचा प्रकार समजून घरी बसू नका. बायका हे फार अंगावर काढतात.

कंबरेत ताजी उसण भरली असेल तर पहिले दोन दिवस ताण न देता नुसती सावकाश हालचाल करा. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर पाठ गोल करून पुढे वाकण्याचे प्रकार टाळा. गरोदरपणात सांधे मुळातच सैल होतात, म्हणून नेहमीच्या निम्म्या ताणावर थांबा. सांधा बदललेला असेल तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी घालून दिलेल्या मर्यादेत राहा.

ताण द्यायची रीत

अंग थंड असताना करू नका. पाच मिनिटं घरातल्या घरात चाला, किंवा गरम पाण्यानं आंघोळ झाल्यावर करा. सकाळी उठल्या उठल्या अंग सगळ्यात ताठ असतं. तेव्हा फक्त आळोखेपिळोखे द्या. मांजर देतं तसे, मनसोक्त, जांभईसकट. तेही स्ट्रेचिंगच आहे आणि ते कुणी शिकवावं लागत नाही.

ताण देताना हळूहळू जा आणि पहिल्यांदा जिथे ओढ जाणवेल तिथे थांबा. शेवटच्या टोकापर्यंत जायचं नाही. तिथे नाकानं श्वास घ्या आणि घेतला त्यापेक्षा लांब सोडा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, अंगाला उसंत मिळते. तीन-चार श्वासांनंतर ती ओढ कमी झाल्याचं कळेल. मग जमलं तर बोटभर पुढे. एकूण ३० सेकंद, म्हणजे साधारण पाच-सहा सावकाश श्वास. मग जितक्या हळू गेलात तितक्याच हळू परत या. प्रत्येक बाजूला दोनदा केलं की मिनिट होतं. साठीच्या पुढच्यांनी हवं तर एका वेळी ३० सेकंदांचा ताण मिनिटापर्यंत न्यावा. वयाबरोबर स्नायूला सुटायला वेळ लागतो.

जास्त झालं हे कसं ओळखायचं? मी मुलींना एकच खूण सांगते. कपाळावर आठी पडली तर जास्त झालं. चेहरा शांत हवा, जबडा सैल हवा, श्वास चालू हवा. पतंजलींनी योगसूत्रात आसनाची व्याख्या 'स्थिरसुखमासनम्' अशी केली आहे. त्यातला 'सुख' हा शब्द आपण विसरतो. ओढ गोड लागली पाहिजे. टोचणारी, जळजळणारी किंवा मुंग्या आणणारी ओढ आली तर ती नस ओढली जातेय, लगेच मागे या.

मान आणि खांदे

सुरुवात ताणानं नाही, आवळण्यानं करा. श्वास घेत दोन्ही खांदे कानांकडे उचला, पाच सेकंद घट्ट धरा आणि श्वास सोडत एकदम सोडून द्या. तीनदा. स्नायू मुद्दाम आवळून मग सोडला की सैल म्हणजे काय ते कळतं. ही रीत अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पद्धतशीर मांडली. आपल्यापैकी बहुतेकींना खांदे वर आहेत हेच माहीत नसतं. आधी ते कळू द्या.

आता मानेची बाजू. स्टुलावर ताठ बसा, दोन्ही पाऊलं जमिनीवर. उजव्या हातानं स्टुलाची कड धरा म्हणजे उजवा खांदा वर येणार नाही. डावा कान डाव्या खांद्याकडे न्या. खांदा कानाकडे न्यायचा नाही, आणि चेहरा समोरच ठेवायचा. उजव्या कानामागून खांद्यापर्यंत पट्टी ओढल्यासारखं वाटेल. तिथे ३० सेकंद. डावा हात डोक्यावर ठेवायचा असेल तर नुसता ठेवा, त्याचं वजन पुरतं. ओढू नका. मग बाजू बदला.

यानंतरचा ताण माझ्या मते शिवणाऱ्यांसाठी सगळ्यात मोलाचा आहे. पाठीला खांद्याच्या पात्याचा वरचा आतला कोपरा असतो. "इथे गाठ आली आहे" म्हणत बायका बोट नेमकं तिथेच ठेवतात. मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून निघून त्या कोपऱ्यात रुतणारा एक लांबट स्नायू आहे. पातं वर उचलणं हे त्याचं काम. तो सरळ खाली जात नाही, तिरका जातो. म्हणून मान नुसती बाजूला कलवून तो सुटत नाही. कापड उरेब, म्हणजे तिरकं, धरलं की ताणतं, तसं इथे मानेलाही उरेब न्यावं लागतं.

तसंच बसा, उजव्या हातानं स्टूल धरा. चेहरा डावीकडे अर्धवट वळवा, पूर्ण नाही. मग हनुवटी खाली आणा, जणू डाव्या काखेचा वास घ्यायचाय. ओढ मानेच्या मागून उजव्या पात्याच्या कोपऱ्यापर्यंत जाईल. जागा सापडेपर्यंत चेहरा एक बोट इकडे, एक बोट तिकडे करून बघा. सापडली की बरोबर त्या गाठीपाशी कळतं. तिथे थांबा. सहा श्वास. डोकं वर आणताना डाव्या तळव्याचा कपाळाला आधार द्या.

वर्गातली एक मुलगी पहिल्यांदा हे करताना रडली. दुखलं म्हणून नाही, सुटलं म्हणून. ती बराच वेळ काही बोललीच नाही, नुसता खांदा पुढे-मागे फिरवत राहिली.

शेवटी हनुवटी आत. समोर बघा, डोकं न झुकवता हनुवटी मागे सरकवा, जणू कुणी गळपट्टीचं माप घेतंय आणि तुम्ही मागे सरकताय. पाच सेकंद, पाच वेळा. कवटीच्या बुडाशी असलेले आखूड स्नायू यानं सुटतात. मशीनवर बसणाऱ्यांचं डोकं संध्याकाळी मागून चढतं त्याचं मूळ बऱ्याचदा तिथे असतं.

मान पूर्ण गोल फिरवायचा व्यायाम शाळेत शिकवलेला असतो. तो नका करू, विशेषतः मागे टेकवून. चक्कर येणाऱ्यांनी तर अजिबात नको.

छाती, पाठ

दाराच्या चौकटीत उभ्या राहा. एक हात कोपरात काटकोनात वाकवून, कोपर खांद्याइतक्या उंचीवर ठेवून चौकटीला टेकवा. त्याच बाजूचा पाय अर्धं पाऊल पुढे. आता छाती हळूच दुसऱ्या बाजूला वळवा. काखेच्या पुढच्या भागात ओढ येईल. कोपर थोडं वर सरकवलं की ओढ खोल जाते, फिजिओथेरपिस्ट बाईंनी बोट दाबलं होतं नेमकी तिथे. खांद्याच्या सांध्याच्या पुढच्या टोकाला टोचत असेल तर कोपर खाली घ्या. हा ताण मानेच्या सगळ्या प्रकारांच्या आधी करा असंही मी म्हणेन. छाती सुटली की मान निम्मी आपोआप मागे येते.

ज्यांना उभ्यानं नको, त्यांनी जुन्या सुती साडीची घट्ट वळकटी करावी, मनगटाएवढी जाड. ती सतरंजीवर लांबीनं ठेवून तिच्यावर पाठीचा कणा येईल असं उताणं झोपावं. डोकंही वळकटीवरच. हात बाजूला, तळवे छताकडे. काही करायचं नाही, तीन ते पाच मिनिटं पडून राहायचं. खांदे स्वतःच्या वजनानं दोन्हीकडे ओघळतात. दुपारी जेवणानंतर अर्ध्या तासानं मी रोज हेच करते आणि माझ्या दिवसातली ही सगळ्यात चांगली पाच मिनिटं असतात.

पाठीसाठी मार्जारासन पुरेसं आहे. दोन्ही हात आणि गुडघे टेकून, श्वास सोडत पाठ वर गोल करायची, घेत खाली सोडायची. दहा वेळा, सावकाश. गुडघे दुखत असतील तर कटिंगच्या टेबलावर हात टेकून उभ्यानं करा. टेबल असल्यावर आणखी एक जमतं. दोन्ही तळवे टेबलाच्या कडेवर ठेवून मागे मागे सरका, गुडघे थोडे वाकवा आणि छाती जमिनीकडे लोंबू द्या. काखेपासून कमरेपर्यंत दोन्ही बाजू लांब होतात. कापड कापून झालं की घडी घालायच्या आधी हे करायची सवय लावा. मात्र रक्तदाब जास्त असेल किंवा काचबिंदू असेल तर डोकं कमरेच्या खाली नेऊ नका.

हात

कात्री धरणारा हात वेगळाच थकतो. हात समोर सरळ, तळवा खाली, दुसऱ्या हातानं बोटं हळूच स्वतःकडे वाकवा. कोपराच्या बाहेरून मनगटापर्यंत ओढ येते. मग तळवा पुढे, बोटं वर, आणि तीच बोटं मागे घ्या. दोन्ही २० सेकंद पुरे, हे स्नायू लहान आहेत.

अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात रात्री मुंग्या येत असतील, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटाच्या बोगद्यातली नस दाबली जातेय. तिला ताणून फायदा नाही, उलट चिडते. त्यासाठी डॉक्टरांकडे जा. कात्रीला धारही लावून घ्या. बोथट कात्रीनं अस्तर कापणं म्हणजे दिवसभर मूठ आवळणं.

कंबर आणि मांडी

मांडीत एक स्नायू आहे. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून तिरका निघून गुडघ्याच्या आतल्या बाजूला येतो. शरीरातला सगळ्यात लांब स्नायू हाच. त्याचं वैद्यकीय नाव सार्टोरियस. लॅटिनमध्ये 'सार्टोर' म्हणजे शिंपी, आणि मांडी घालून बसण्याच्या शिंप्याच्या बैठकीवरून ते नाव पडलं. हे समजलं तेव्हा मला फार आनंद झाला. हेमिंग करताना, हुक लावताना, काज करताना आपण तशाच बसतो. आपल्या बैठकीचं नाव प्रत्येकाच्या मांडीत आहे.

पण बसण्याचा खरा भार पडतो तो त्याच्या शेजारच्या स्नायूवर. कमरेच्या मणक्यांपासून निघून ओटीतून खाली येणारा आणि मांडीच्या हाडाला वरती आतून चिकटणारा हा स्नायू आपण बसतो तेव्हा आखूड असतो. सहा-आठ तास तसा राहिला की उठल्यावर तो लांब व्हायला नकार देतो आणि कमरेच्या मणक्यांना पुढे ओढतो. स्टुलावरून उठताना पहिली चार पावलं वाकून टाकावी लागतात ती म्हणून.

तो असा सोडवा. पलंगाजवळ घडी केलेली गोधडी ठेवा. उजवा गुडघा गोधडीवर, डावं पाऊल पुढे, डावा गुडघा काटकोनात. एक हात पलंगावर आधाराला. आता पुढे जाण्याआधी उजवा कुल्ला आवळा आणि माकडहाड खाली, किंचित पुढे घ्या, जणू ओचा आत खोचताय. बऱ्याच जणींना एवढ्यावरच उजव्या मांडीच्या पुढे ओढ जाणवते. तिथेच राहा. नाही जाणवली तर सगळं अंग दोन बोटं पुढे सरकवा, त्याहून जास्त नाही.

इथे सगळ्या एकच चूक करतात. खूप पुढे जातात आणि कंबर मागे खोलगट करतात. तसं केलं की ताण मांडीला लागतच नाही, कमरेला लागतो आणि उठल्यावर कंबर आणखी दुखते. म्हणून कुल्ला आवळलेला आहे ना, हे प्रत्येक श्वासाला तपासा. गुडघा टेकवता येत नसेल तर पलंगाच्या कडेला उताणं पडा, एक गुडघा छातीशी धरा आणि दुसरा पाय कडेवरून खाली लोंबू द्या.

कुल्ल्यासाठी उताणं झोपा, गुडघे वाकवा, उजवा घोटा डाव्या गुडघ्यावर ठेवा आणि डावी मांडी दोन्ही हातांनी जवळ ओढा. उजव्या कुल्ल्यात खोल ओढ येते. तिथून पायाकडे जाणारी मोठी नस जाते, म्हणून कुल्ला आखडला की पायात कळ उतरल्याचा भास होतो. बसून करायचं असेल तर स्टुलावर बसून घोटा गुडघ्यावर ठेवा आणि पाठ सरळ ठेवून थोडं पुढे झुका.

मांडीची मागची बाजूही पडूनच करा. एका पायाच्या तळव्यात ओढणी अडकवा आणि पाय वर न्या. गुडघा किंचित वाकलेला चालेल. पुण्यातल्या बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टा, खुर्ची, ठोकळे यांचा आधार घेऊन आसनं शिकवली ती याच विचारानं. हात पोचत नाही म्हणून पाठ वाकवण्यापेक्षा हाताची लांबी वाढवा. उभ्यानं वाकून पायाचे अंगठे धरायचा हट्ट सोडा. त्यात मांडीपेक्षा कंबरच जास्त ताणली जाते.

पोटऱ्या

जुन्या पायमशीनवर दोन्ही पावलं टाच-चवडा, टाच-चवडा अशी सतत हलत होती. मोटर बसवल्यापासून वेग वाढला, पण एकच पाऊल पेडलवर अधांतरी धरून ठेवावं लागतं. बहुतेकींचा उजवा पाय. रात्री गोळे येतात ते त्याच पोटरीत का, हे आता लक्षात येईल.

भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीवर, गुडघा सरळ, ३० सेकंद. मग पाय तसाच ठेवून गुडघा थोडा वाकवा, टाच उचलू न देता, परत ३० सेकंद. पोटरीत दोन स्नायू एकावर एक असतात. वरचा गुडघ्याच्याही वरून येतो, आतला येत नाही. म्हणून दोन्ही प्रकार लागतात. झोपण्याआधी केलं तर रात्रीच्या गोळ्यांना बऱ्याच जणींना आराम पडतो. गोळा आलाच तर पायाची बोटं नडगीकडे ओढून धरा.

कामातल्या कामात

रोज वेळ काढू म्हटलं की निघत नाही. म्हणून कामालाच बांधून घ्या. बॉबिन संपली की खांदे उचलून सोडायचे, तीनदा. बॉबिन भरत असते तेवढ्या वेळात हनुवटी आत. एक ब्लाऊज हातावेगळा झाला की उठायचंच, चौकटीत छाती, टेबलाला लोंबून पाठ. रात्री झोपण्याआधी गोधडीवरचा मांडीचा ताण, कुल्ला, पोटरी. रात्रीचं सगळं १२ ते १५ मिनिटांत होतं.

एका दिवसाच्या ताणानं स्नायू लांब होत नाही. मिळालेला सैलपणा काही तास टिकतो आणि परत जातो. रोज केलं तर तीन-चार आठवड्यांत फरक कळतो. माझ्या बाबतीत तो स्कूटीवर कळला. मागून गाडी येतेय का हे बघायला मी अंग न वळवता नुसती मान वळवली.

आणि बैठक दुरुस्त करा, नाहीतर रात्री सैल केलेलं सकाळी परत आवळलं जाईल. मशीनच्या पाट्याची उंची कोपराइतकी हवी. खांदे उचलून शिवावं लागत असेल तर स्टुलावर गोधडीची घडी टाका. पेडल इतकं जवळ ओढा की टाच जमिनीला टेकलेलीच राहील. उजेडाकडेही बघा. काळ्या कापडावर काळा धागा दिसत नाही म्हणून आपण वाकतो. माझ्या मशीनवर मी बाजूला वळवता येणारा छोटा एलईडी दिवा लावला, आणि चाळिशी उलटल्यावर नंबर तपासून जवळचा चष्मा घेतला. तेव्हापासून मान जेवढी सुखावली तेवढी आधीच्या वर्षभराच्या मालिशनंही सुखावली नव्हती.

लग्नसराईत हे सगळं जमणार नाही, मला माहीत आहे. तेव्हा फक्त दोन गोष्टी ठेवा. दिवसातून तीनदा चौकटीतली छाती, आणि रात्री गोधडीवर गुडघा टेकून मांडीची पुढची बाजू.